मुलाला पोलिसांनी नेलं तर काय करायचं: सांगलीकर पालकांसाठी

सांगली जिल्ह्यात अठराच्या आतल्या पोराला पोलिसांनी नेलं की घरचे सगळ्यात आधी ओळखीचा माणूस शोधतात. नगरसेवक, झेडपीचा सदस्य, कुणाचा तरी पोलिसातला मेहुणा. मग वकील. शाळेचा दाखला शोधायला घेतात तो दुसऱ्या दिवशी, तोही कुणी मागितल्यावर. हा क्रम उलटा करा. बाल न्याय कायद्यात ओळखीपेक्षा दोन गोष्टींना वजन आहे: मुलाच्या वयाचा कागद, आणि त्याला घरी नेऊन सांभाळणारं माणूस. बाकी सगळं याच दोन खुंट्यांना अडकवलेलं आहे.

ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे अशा आईवडिलांसाठी, मामा-काकांसाठी, वर्गशिक्षकांसाठी हे लिहितो आहे. सध्याचा कायदा २०१५ चा. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या. पेपरात ‘बालगुन्हेगार’ किंवा ‘अल्पवयीन आरोपी’ छापून येतं. तुमच्या हातात पडणाऱ्या कागदावर ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असं असेल. ते तुमच्याच मुलाबद्दल आहे, घोटाळ्यात पडू नका.

आधी दाखला काढा

वय मोजायचं ते गुन्हा घडला त्या दिवशीचं. पकडलं त्या दिवशीचं नाही, निकाल लागला त्या दिवशीचं तर नाहीच. मिरजेत विसर्जन मिरवणुकीत मारामारी झाली तेव्हा मुलगा सतरा वर्षं अकरा महिन्यांचा होता आणि पोलिसांनी त्याला दिवाळीनंतर उचलला, तरी त्याचं प्रकरण बालकाचंच. चौकशी चालू असताना तो अठरा ओलांडून पुढे गेला तरीही. आणि वयाचा मुद्दा कधीही काढता येतो, अगदी प्रकरणाचा अंतिम निकाल लागून गेल्यावरसुद्धा.

वयाच्या पुराव्याचा क्रम कायद्यानेच ठरवून दिला आहे. पहिला शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसेल तरच एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवण्याची वैद्यकीय तपासणी, आणि ती आदेश झाल्यापासून १५ दिवसांत व्हायला हवी. या तपासणीतून नेमकी तारीख कधीच निघत नाही, अंदाज निघतो, आणि तोही दोनेक वर्षं इकडेतिकडे. त्यामुळे ‘कागद नाही, डॉक्टर सांगतील’ या भरवशावर राहू नका. आधार कार्डावर तर मुळीच नको: आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

आता आपल्याकडची खास अडचण. १ जून. पहिलीत बसवताना वय बसावं म्हणून गुरुजींनी टाकलेली ही तारीख जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर आणि ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांत अजूनही भेटते. पोरगं जन्मलेलं असतं दिवाळीच्या सुमाराला आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये पाच महिने आधीच मोठं झालेलं असतं. सोळा किंवा अठरा वर्षांच्या सीमेवर हे पाच महिने फार महाग पडू शकतात, कारण कायदा शाळेच्या नोंदीला ग्रामपंचायतीच्या दाखल्याच्या वर ठेवतो. अशी तफावत असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा आणि दोन्ही कागद घेऊन जा. शाळेत फक्त बोनाफाईड मागू नका. पहिली ज्या शाळेत झाली तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. शाळा बीडकडची असेल तर गावाकडच्या नातेवाइकाला त्याच दिवशी पाठवा आणि उताऱ्याचा फोटो मागवून घ्या. मूळ प्रत नंतर येऊ दे.

अगदी लहान मुलांबद्दल एवढंच: सात वर्षांखालच्या मुलाने केलेली कुठलीच गोष्ट कायद्याने गुन्हा नाही. सात ते बारा या वयात, आपण काय करतोय हे समजण्याइतकी पोच त्या मुलाला नव्हती असं दिसलं, तर तोही गुन्हा ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही कलमं २० आणि २१ आहेत. आधी दंड संहितेत ८२ आणि ८३ होती.

ठाण्यात पोचल्यावर

आधी मुलगा नेमका कुठे आहे ते विचारा. मिरज जंक्शनवर मोबाइल चोरताना सापडलेलं पोरगं लोहमार्ग पोलिसांकडे असतं आणि घरचे शहरातली ठाणी पालथी घालत फिरतात.

प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असायला हवा, निदान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा. त्याचं नाव विचारा आणि बोलणं त्याच्याशीच करा. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, तुरुंगात पाठवता येत नाही, बेडी घालता येत नाही. मुलाशी बोलताना पोलिसांनी गणवेशात नसावं. पालक चौकशीच्या वेळी जवळ बसू शकतात. मुलाकडून कबुली वदवून घेता येत नाही आणि कुठल्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नाही. हे सगळं कायद्यात आणि केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत लिहिलेलं आहे. आवाज न चढवता, ‘साहेब, नियमाप्रमाणे मी जवळ बसतो,’ एवढं म्हणून खुर्ची ओढली की बरंच काम होतं.

बऱ्याच जणांना माहीत नसतं ते हे: त्या नियमांप्रमाणे साध्या प्रकरणात मुलावर एफआयआर नोंदवायचाच नसतो. गुन्हा निर्घृण प्रकारातला असेल (त्याचा अर्थ पुढे सांगितला आहे) किंवा मोठ्या माणसांबरोबर मिळून केलेला असेल तरच एफआयआर. एरवी स्टेशन डायरीत नोंद करायची, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल भरायचा आणि दोन्ही बाल न्याय मंडळाकडे, म्हणजे मुलांची प्रकरणं जिथे चालतात तिथे, पाठवायचं. मुलाला ताब्यात घेण्याचीही अशा वेळी सहसा गरज नसते. स्टेशन डायरीच्या नोंदीचा नंबर लिहून घ्या. तुमच्याकडून हमीपत्र घेतील, म्हणजे बोलावल्यावर मुलाला हजर करीन असं लिहून देणं. ते पूर्ण वाचा. कोऱ्या कागदावर सही करू नका.

आणि काही तरी ‘देऊन’ सोडवून आणण्याची फुशारकी नको. तशा सुटकेचा कागद नसतो. तक्रारदार दोन महिन्यांनी पुन्हा उभा राहिला तर प्रकरण मिटलं होतं हे दाखवायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

ताब्यात घेतलेल्या मुलाला २४ तासांच्या आत मंडळासमोर न्यावं लागतं. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. त्या दिवशी मंडळाची बैठक नसेल तर एखाद्या सदस्यासमोरही हजर करता येतं. तोपर्यंत त्याला घरी सोडलं नाही तर ठेवायची जागा म्हणजे निरीक्षणगृह, ज्याला गावात सगळे अजून रिमांड होमच म्हणतात.

कोर्टात नव्हे, मंडळात

पालक धावत विजयनगरला जिल्हा न्यायालयात जातात. तिथे जायचंच, पण वेगळ्या कामासाठी: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागायला. बालकाला मोफत वकील मिळण्यासाठी घरच्या उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं तर १५१०० हा नंबर आहे.

प्रकरण मात्र चालतं बाल न्याय मंडळात, आणि नियम सांगतात की मंडळाने कोर्टाच्या किंवा तुरुंगाच्या आवारात बसायचं नाही. नोटिशीवरचा पत्ता वाचून जा. समोर तिघं असतात: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यात निदान एक बाई. उंच व्यासपीठ नसतं, पिंजरा नसतो. बाल कल्याण समिती हे वेगळं प्रकरण. ती अनाथ, हरवलेल्या, छळ झालेल्या मुलांसाठी आहे. दोन्हींची नावं सारखी वाटतात म्हणून भलत्याच दाराशी तारीख चुकवणारे पालक असतात.

जामीन: खरा प्रश्न तुमच्याबद्दल असतो

मोठ्यांच्या बाबतीत जामीनपात्र आणि अजामीनपात्र हा भेद मोठा. मुलांच्या बाबतीत कलम १२ म्हणतं की गुन्हा कुठलाही असो, जामीनदार असो वा नसो, मुलाला सोडायचं. नाकारायचा तर तीनच कारणांनी: सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीला लागेल, त्याच्या शरीरमनाला किंवा चारित्र्याला धोका होईल, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच फसेल. आणि कारण लिहून द्यावं लागतं.

ही तीन कारणं नीट वाचा. मंडळ बघत असतं की हे पोरगं आज संध्याकाळी कुणाच्या घरी जाणार आहे. बाप दारू पिऊन आला, किंवा वडील ‘कामावर’ म्हणून आलेच नाहीत, तर चांगल्या वकिलाचंही काही चालत नाही. दोघंही या. ज्या टोळक्यामुळे हे घडलं ते गल्लीतच असेल तर मुलाला काही महिने मामाकडे विट्याला किंवा आजीकडे शिराळ्याला ठेवण्याची तयारी दाखवा, आणि त्या मामाला किंवा आजीला बरोबर आणा. शाळेचा किंवा आयटीआयचा हजेरीचा कागद आणा. जामीन होऊनही अटी पूर्ण करता येत नसतील आणि सात दिवस झाले, तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळासमोर आणावं लागतं. वकिलाला याची आठवण करून द्या.

किरकोळ, गंभीर, निर्घृण

इथे थोडं सावकाश वाचा, कारण चुकीची माहिती सगळ्यात जास्त इथे फिरते.

१९८६ च्या कायद्यात मुलग्याला सोळापर्यंत आणि मुलीला अठरापर्यंत बालक मानत. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठरा केलं. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत झालेल्या सामूहिक बलात्कारातला एक जण अठराच्या आतला निघाला, देशभर संताप उसळला, आणि २०१५ च्या कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी एक वेगळी वाट आली. ती वाट फक्त निर्घृण गुन्ह्यांची. सोळाच्या आतल्या मुलावर मोठ्यासारखा खटला चालूच शकत नाही, गुन्हा कितीही भयंकर असो.

गुन्ह्याचा प्रकार ठरतो शिक्षेवरून. जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तो किरकोळ. साधी चोरी यात येते. कमीत कमी शिक्षाच सात वर्षं किंवा त्याहून अधिक असेल तो निर्घृण. या दोघांच्या मधलं सगळं गंभीर. घोळ होतो तो ‘कमीत कमी’ या शब्दांपाशी. शिक्षा दहा वर्षांपर्यंत असली, पण खाली सात वर्षांची मर्यादा घातलेली नसली, तर तो गुन्हा निर्घृण नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये हे सांगितलं आणि २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्यातच घातलं.

याचा परिणाम बघा. दोन गटांत वाद झाला आणि सतरा वर्षांच्या पोराने कोयत्याचा वार केला. जखमी मिरजेच्या सिव्हिलमध्ये वाचला तर कलम लागतं खुनाच्या प्रयत्नाचं. त्यात कमीत कमी सात वर्षांची अट नाही, म्हणून गुन्हा गंभीर. तोच जखमी चौथ्या दिवशी दगावला तर खून, म्हणजे निर्घृण. पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये मे २०२४ मध्ये झालेल्या मोटार अपघाताच्या वेळी जामिनाची अट म्हणून सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावरून महाराष्ट्रभर आरडाओरडा झाला. लोकांचा राग मला कळतो. पण सदोष मनुष्यवधाला सात वर्षांची किमान शिक्षा नाही, आणि जुलै २०२५ मध्ये मंडळाने त्या मुलावर मोठ्यासारखा खटला चालवायला नकार दिला. राग आणि कलम या वेगळ्या गोष्टी आहेत.

निर्घृण प्रकारात अडकणाऱ्यांमध्ये पळून गेलेल्या जोडीतला मुलगाही असतो. मुलगा सतराचा, मुलगी सोळाची, दोघं कोल्हापुरात सापडली आणि मुलीच्या वडिलांनी तक्रार दिली. अठराखालच्या मुलीची संमती कायद्याच्या हिशोबात धरत नाहीत, आणि पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम ४ मध्ये किमान शिक्षा दहा वर्षं आहे. मुलगी सोळाच्या आतली असेल तर वीस. म्हणजे निर्घृण. इथे गावातले मोठे लोक ‘लग्न लावून टाका’ म्हणतात. त्याने गुन्हा मिटत नाही, वर बालविवाहाचा दुसरा गुन्हा होतो. तंटामुक्तीची मोहीम आपल्याच तासगावच्या आर. आर. आबांनी २००७ मध्ये गृहमंत्री असताना सुरू केली. बांधावरच्या भांडणात तिचा उपयोगही झाला, पण अशा प्रकरणात तंटामुक्ती समितीचा कागद चालत नाही.

निर्घृण गुन्हा आणि वय सोळाच्या वर असं जुळलं की मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि गुन्हा कुठल्या परिस्थितीत घडला, हे बघतात. गुन्हा केला की नाही हे इथे ठरत नाही. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर मानसशास्त्रज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये म्हटलं आहे. वकिलाला विचारा, अहवाल कुणी केला? मुलाशी किती वेळ बोलले? या मूल्यांकनाच्या आदेशावर ३० दिवसांत अपील करता येतं. प्रकरण पुढे बाल न्यायालयात, म्हणजे सत्र न्यायालयात गेलं तरी तिथले न्यायाधीश पुन्हा ठरवतात की मोठ्यासारखा खटला हवा की नको. तो चालून शिक्षा झालीच, तर एकविसाव्या वर्षापर्यंत मुलगा तुरुंगात जात नाही, ‘सुरक्षित स्थान’ म्हणतात अशा वेगळ्या जागी राहतो. फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नाही अशी जन्मठेपही नाही.

आणखी एक. टोळीतला कुणी मोठा मुलाला म्हणाला असेल, ‘तुझं वय कमी आहे, तू घे अंगावर,’ तर ते लपवू नका. मुलाचा बेकायदा कामाला वापर करणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मोठ्यांचा खटला आणि मुलाची चौकशी एकत्र चालवत नाहीत, त्यामुळे ‘आपण सगळे एकच वकील देऊ’ या प्रेमळ सल्ल्यापासून लांब राहा. त्या वकिलाची फी कोण देतंय ते आधी बघा.

घरी येणारे साहेब किंवा मॅडम

परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) मुलाच्या घरादाराबद्दल सामाजिक तपासणी अहवाल लिहितात, आणि मंडळ निकालाच्या वेळी तो उघडून बसतं. ते तुमच्या घरी येतील. मुलगा कुठे झोपतो, किती वाजता घरी येतो, शाळा कधी आणि का सुटली, घरात कोण पितं, कर्ज किती, मोबाइल कुणी घेऊन दिला, असं सगळं विचारतील. शेजाऱ्यांशी आणि मुख्याध्यापकांशी बोलतील. खोटं सांगून घर छान दाखवायला जाऊ नका. शेजारी दोन मिनिटांत खरं सांगतात, आणि मग ‘पालक माहिती लपवतात’ असं अहवालात येतं. उलट, ‘दहावीला गणित राहिलं, तेव्हापासून हा हळदीच्या अड्ड्यावर हमालांबरोबर बसायचा, आम्ही दोघं कामावर,’ असं सांगितलं तर त्यांना पुढची वाट सुचवता येते: सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षा, एखादा कोर्स, समुपदेशन.

चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची असते, फार तर दोन महिने वाढवून. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही ती संपली नाही तर प्रकरण आपोआप बंद होतं. तारखा वहीत लिहून ठेवा.

गुन्हा शाबित झाला तरी मंडळ देतं ते असं: ताकीद देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांनी भरायचा दंड, चांगल्या वागणुकीच्या हमीवर तीन वर्षांपर्यंत देखरेख, आणि शेवटचा उपाय म्हणून जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह.

ट्रॅक्टर आणि बुलेट

गळीत हंगामात दोन ट्रेलर ऊस मागे लावून कारखान्याकडे निघालेला सोळा वर्षांचा ड्रायव्हर वाळव्यात, पलूसमध्ये कुणाला नवा नाही. कौतुकही होतं त्याचं. पण मोटार वाहन कायद्याचं २०१९ मध्ये आलेलं कलम १९९अ बापाला किंवा गाडीमालकाला थेट दोषी धरतं. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लर्निंग लायसन्सही नाही. ‘मला न विचारता चावी घेतली’ हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. अपघातात कुणी गेलं तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. चावी कुठे ठेवायची ते घरात आजच ठरवा.

फोटो, नोंद आणि भरती

मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो फिरायला लागला तर आधी स्क्रीनशॉट घ्या, मग अ‍ॅडमिनला काढायला सांगा, आणि स्क्रीनशॉट मंडळापुढे ठेवा.

आपल्या भागात बहुतेक आयांचा पहिला प्रश्न हाच असतो: ‘पोरगं पहाटे उठून भरतीसाठी पळतंय, आता पोलीस भरती गेली का?’ गेली नाही. बाल न्याय कायद्याचं कलम २४ म्हणतं की या कायद्याखाली दोषी ठरलेल्या मुलाला त्यामुळे पुढे कसलीही अपात्रता चिकटत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर ठराविक काळाने नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद फक्त सोळावरच्या त्या मुलांचा, ज्यांना बाल न्यायालयाने निर्घृण गुन्ह्यात मोठ्यासारखं दोषी ठरवलं. निमलष्करी दलातल्या नेमणुकीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की बालपणीच्या अशा प्रकरणावरून उमेदवाराला नाकारता येत नाही.

तरी कार्यालयात हे आपोआप घडेल असं धरून चालू नका. प्रकरण संपलं की निकालाची प्रमाणित प्रत घ्या, वकिलामार्फत नोंदी नष्ट करण्याबद्दल मंडळाकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. भरतीच्या फॉर्मवर ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का’ या रकान्यात काय लिहायचं ते मुलाने सायबर कॅफेत बसून स्वतःच्या मनाने ठरवू नये. फॉर्म भरायच्या आधी तो रकाना वकिलाला दाखवा.